ग्रीक येत नसताना बायबलमधला एक ग्रीक शब्द कसा बघायचा

आमची बुधवारची कॉटेज मीटिंग, म्हणजे घरी भरणारी प्रार्थनासभा, खडकीत एका काकूंच्या घरी असते. तिथे एकदा मला मत्तय 9:36 वर बोलायचं होतं, गर्दी बघून येशूला लोकांचा कळवळा आला ते वचन. मी आदल्या रात्री मोबाईलवर बघून ठेवलं होतं की इथे मूळ शब्द आहे स्प्लांख्निझोमाइ आणि तो आलाय स्प्लांख्ना म्हणजे आतडी यावरून. मग काय, सुटलोच मी, येशूची आतडी अक्षरशः कशी पिळवटली यावर दहा मिनिटं. संपल्यावर काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या, "बाळा, शेजारणीच्या मुलाला नोकरी लागली की माझ्या पोटात दुखतं, ते कुठल्या ग्रीकमध्ये बसतं रे?"

सगळे हसले, मीपण हसलो, पण घरी येताना डोक्यातून जाईना. बघा ना, पोटात दुखतं म्हणजे जळतो, पोटात गोळा येतो म्हणजे घाबरतो, पोटात ठेवतो म्हणजे बोलत नाही, पोटात घालतो म्हणजे माफ करतो. डिक्शनरीत नुसतं "पोट" बघून यातलं एक तरी कळेल का? म्हणून पहिला नियम, शब्दाचं मूळ सगळ्यात शेवटी बघायचं, आधी तो वापरलाय कसा ते बघायचं.

ब्लू लेटर बायबलसारखं कुठलंही फुकट ॲप घ्या, त्यात वचन उघडून इंटरलिनियर लावा, म्हणजे मूळ ग्रीक ओळ आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ शेजारी दिसतो, आणि प्रत्येक ग्रीक शब्दापुढे स्ट्राँग्ज नंबर, म्हणजे त्या मूळ शब्दाचा ठरलेला क्रमांक येतो. आपल्या शब्दाचा जी 4697. त्यावर दाबलं की नव्या करारात तो जिथे जिथे आलाय ती सगळी वचनं समोर येतात. हा एकूण 12 वेळा येतो, मत्तयात 5, मार्कात 4, लूकमध्ये 3, बाकी कुठेच नाही. योहानात नाही, पौलाच्या पत्रांत पण नाही.

आता बाराच्या बारा वचनं वहीत हाताने उतरवा. कंटाळा येतो पण खरं काम इथेच होतं, कॉपी-पेस्ट केलं तर डोळ्यांखालून निसटतं. पुढे तीन रकाने करा: कोणाला कळवळा आला, त्याआधी काय झालं, नंतर त्याने काय केलं. मी केलं तर दिसलं की 12 पैकी 6 ठिकाणी आधी "पाहिलं" आहे. नाईन गावच्या विधवेला पाहिलं, उधळ्या मुलाला बापाने लांबूनच पाहिलं. चांगल्या शमरोन्याची गोष्ट तर बघाच, रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला याजकानेही पाहिलं, लेव्यानेही पाहिलं, दोघं रस्त्याच्या पलीकडून गेले, हा शब्द येतो फक्त तिसऱ्याला, शमरोन्याला. आणि नंतर लगेच काहीतरी हालचाल होते, कर्ज सोडलं, हात लावला, धावत जाऊन मिठी मारली. मार्क 6:34 मध्ये तर कळवळा आला म्हणून तो शिकवायला लागला, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. कोणाला येतो तेही बघा, एकतर येशूला नाहीतर त्याने सांगितलेल्या दाखल्यातल्या माणसाला. मार्क 9:22 मध्ये आजारी पोराचा बाप हाच शब्द वापरून त्याच्याकडे मदत मागतो, तेवढंच वेगळं.

मग शेजारचे शब्द. दयेसाठी ग्रीकमध्ये एलेओस पण आहे. मत्तय 20 मधले दोन आंधळे ओरडतात ते "एलेइसोन", दया कर, आणि चार वचनांनंतर येशूबद्दल लिहिताना मत्तय स्प्लांख्निझोमाइ वापरतो. मागणाऱ्याने दया मागितली, देणाऱ्याच्या आत कालवाकालव झाली, असा फरक मी तरी वाचतो, पण यावर अख्खं प्रवचन उभं करू नका.

तळटीपा पण बघा. मार्क 1:41 मध्ये बहुतेक हस्तलिखितांत येशूला कुष्ठरोग्याचा कळवळा आला असं आहे, पण कोडेक्स बेझी नावाच्या एका जुन्या हस्तलिखितात तिथे चक्क "रागावून" आहे. अभ्यासकांचा यावर अजून वाद चालू आहे, आपण फक्त माहिती ठेवायची.

आता मुळाकडे या. जुन्या ग्रीकांकडे बळी दिल्यावर काळीज, फुप्फुसं, हृदय, मूत्रपिंडं आधी काढून भाजून खायचे, त्यांना स्प्लांख्ना म्हणायचे. म्हणजे माझी "आतडी" पण अर्धवटच होती, मटणवाल्याकडे आपण जे कलेजी-गुर्दा मागतो ते जास्त जवळचं! प्रेषितांची कृत्ये 1:18 मध्ये यहूदाचं पोट फुटतं तिथे मात्र खरंच आतडी.

शेवटी मराठीत कसं आलंय ते ताडून बघा. पंडिता रमाबाईंनी इथेच पुण्याजवळ केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते मिळालं तर आपल्या नेहमीच्या बायबलशेजारी ठेवून वाचा. आणि स्वतःचा शब्द सुचतोय का बघा. फिलेमोनाच्या पत्रात पौल पळून आलेल्या अनेसिमाला मालकाकडे परत पाठवतो, दहाव्या वचनात त्याला माझं लेकरू म्हणतो आणि बाराव्यात म्हणतो, हा म्हणजे माझं स्प्लांख्ना. मी पुढच्या बुधवारी काकूंना विचारलं की याला तुम्ही काय म्हणाल, त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "पोटचा गोळा, अजून काय."