गोष्ट संपली की नुसती थांबली?

आमच्या सांगलीच्या बालवाडीत गोष्ट सांगताना मला ठसका लागला, की चार वर्षांची पोरं टाळ्या वाजवून मोकळी. बाई गप्प झाल्या म्हणजे गोष्ट संपली! पुस्तक मिटलं, घंटा झाली, तरी संपली. थांबणं वेगळं आणि संपणं वेगळं, हे त्यांना शिकवावं लागतं. घरीही जमतं, फक्त घाई करू नका.

आधी एकच गोष्ट आठवडाभर सांगा. रोज नवी नको. मी चिमणी-कावळ्याची घेते, कारण ती बहुतेक घरांत ऐकलेली असते. शेणाचं घर पावसात वाहून गेलं, की थांबा आणि विचारा, "कुणाचं काय अडलंय?" कावळ्याला घर नाही. "सुटलं का?" नाही. मग गोष्ट बाकी आहे. हे दोन प्रश्न, अडलंय काय आणि सुटलं का, रोज त्याच शब्दांत विचारायचे. "तात्पर्य काय?" हा प्रश्न मात्र या वयात नको; त्याने पोरं शेवट सोडून बाईंच्या तोंडाकडे बघायला लागतात.

आपल्या मुलांना इथे एक सोय आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं, ही चर्चा ती पावसाळाभर घरात ऐकतात. 2019 चा पूर मोठ्यांच्या बोलण्यात अजून येतोच. त्यामुळे घर वाहून गेलं इथे गोष्ट संपत नाही, हे त्यांना चटकन पटतं. पाणी उतरायचंय, माणसं घरी परतायचीत.

दोन-तीन दिवसांनी पडद्याचा खेळ घ्या. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात नाटक उभं केलं, तिथल्या पोरांना पडदा पाडायला शिकवावं लागू नये, पण लागतं! आईची जुनी ओढणी दोन मुलांनी धरायची. तुम्ही गोष्ट सांगा. संपली असं वाटेल तेव्हा त्यांनी ओढणी खाली सोडायची. मुद्दाम फसवा. "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे," असं चिमणी म्हणाली, की लांबलचक श्वास घ्या. कुणीतरी ओढणी सोडतंच. मग बाकीचीच ओरडतात, "कावळा अजून भायेरच हाय!" तुम्ही चूक दाखवायची नाही. ओढणी वर धरून पुढे चला.

खेळ अंगवळणी पडला, की कापूसकोंड्याची गोष्ट काढा. "कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "हो." "हो काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" यात कुणाचं काही अडतच नाही, म्हणून सुटतही नाही आणि ओढणी धरणाऱ्यांचे हात दुखायला लागतात. शेवट नसलेली गोष्ट कशी असते, हे याहून सोपं करून मला तरी सांगता आलेलं नाही.

"साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" हे सगळ्यात शेवटी शिकवा. मी एका वर्षी ते आधी शिकवलं आणि पस्तावले. पोरं गोष्ट ऐकेचनात, त्या ओळीची वाट बघत बसली. आता मी ती ओळ मधेच, चुकीच्या जागी म्हणते. ज्याने हरकत घेतली, त्याला शेवट कळायला लागला असं समजायचं.

मग दोन शेवट सांगून बघा. काही घरांत कावळ्याला तापल्या तव्याचा चटका बसतो, काही घरांत चिमणी दार उघडून त्याला आत घेते. कुठला बरा, हे मुलांना ठरवू द्या.

यंदा मी दार उघडणारा शेवट सांगितला. कावळा आत आला, अंग पुसलं, ओढणी मात्र खाली येईना. धरणारी मुलगी म्हणाली, "बाई, त्यानं सकाळपास्नं काय खाल्लंय?" मग चिमणीने त्याला वाटीभर भडंग दिलं, आणि पडदा पडला.