जुन्या वस्तूंवरील स्वस्तिक आणि इतर चिन्हे: विक्री करताना या चुका टाळा

नाशिकच्या जुन्या भागातले वाडे उतरवले जातात, तेव्हा माळ्यावरून, कोठीच्या खोलीतून आणि देवघराच्या फडताळातून जे बाहेर पडते, त्यातले बरेचसे भांडीबाजारात मोडीच्या भावाने जाते. थोडे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे किंवा थेट इंटरनेटवर विक्रीला लागते. घंगाळ, समई, पानाचा डबा, कुंकवाचा करंडा, दाराच्या चौकटीवरची गणेशपट्टी, या सगळ्यांवर कुठे ना कुठे स्वस्तिक सापडते आणि स्थानिक गिऱ्हाईक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तेच छायाचित्र जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या ग्राहकासमोर गेले, की त्याला आठवते ते 1920 साली नाझी पक्षाने उचललेले आणि 15 सप्टेंबर 1935 रोजी जर्मनीच्या राष्ट्रध्वजावर चढवलेले चिन्ह. ही अडचण खरी आहे. मात्र ती टाळण्यासाठी विक्रेते जे उपाय योजतात, त्यांपैकी काही मूळ अडचणीपेक्षा महाग पडतात.

चिन्ह घासून काढणे

सर्वांत न भरून येणारी चूक हीच आहे. परदेशी ग्राहक बिचकतो म्हणून कानस मारून किंवा बफ फिरवून स्वस्तिक पुसून टाकले, की भांड्याचा पत्रा त्या जागी पातळ होतो, आजूबाजूचा जुना काळपट रंग जातो आणि कोणीतरी काहीतरी लपवले आहे हे जाणकाराला पहिल्या नजरेत कळते. चिंच आणि मीठ लावून लखलखीत करण्याची सवयही तितकीच घातक आहे. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत होती आणि छिन्नीने टिंबाटिंबांनी ठोकलेली ही अक्षरे उथळ असतात; वर्षानुवर्षांच्या घासण्याने ती आधीच झिजलेली असतात आणि विक्रीपूर्वीच्या शेवटच्या सफाईत पार नाहीशी होतात. स्वस्तिकाशेजारी देणाऱ्याचे नाव, गाव आणि शक असेल, तर त्या वस्तूबद्दल याहून चांगला दाखला दुसरा मिळणार नाही. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी आणि तेवढ्यावर थांबावे.

शक, संवत आणि इसवी सन यांची गल्लत

भांड्यावर नुसता 1840 हा आकडा दिसला, की तो इसवी सन समजून जाहिरातीत तसाच लिहिला जातो. तो शालिवाहन शक असेल, तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78 आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79 मिळवावे लागतात. म्हणजे वस्तू 1918-19 ची ठरते आणि वय एका फटक्यात पाऊणशे वर्षांहून अधिक कमी होते. गुजराती किंवा मारवाडी घरातून आलेल्या भांड्यावर विक्रम संवत असण्याची शक्यता मोठी असते आणि तिथे उलट 57 किंवा 56 वजा करावे लागतात. संवत 1968 म्हणजे 1911-12. आकडा मोडी लिपीत असेल, तर मोडी वाचणाऱ्या माणसाकडूनच वाचून घ्यावा. अंदाजाने लावलेला एक अंक सगळे वर्णन खोटे पाडतो.

या हिशोबाला महत्त्व आहे ते एका चमत्कारिक कारणाने. स्वस्तिकावर नाझी असल्याचा संशय येऊ नये म्हणून विक्रेते वस्तूचे वय वाढवून सांगतात. ‘दोनशे वर्षांपूर्वीचे’ असे लिहिले, की हिटलरचा प्रश्नच उरला नाही, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या वाक्याने ते स्वतःला दुसऱ्याच कचाट्यात अडकवतात, कारण पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, 1972 यानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, नाणी, चित्रे आणि कारागिरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेल्या हस्तलिखितांना ही मर्यादा 75 वर्षांची आहे. पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेलाच आहे, आणि खासगी व्यक्तीने तसे केल्यास किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कैद व दंड होऊ शकतो. सीमाशुल्क अधिकाऱ्याला वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. विक्रेत्याची जाहिरातच त्याच्या हाती असते.

मुळात वय वाढवण्याची गरजही नसते. शके 1864 म्हणजे 1942 साली, महायुद्ध ऐन भरात असताना, लग्नासाठी घडवलेल्या कळशीवरचे स्वस्तिक 1890 सालच्या कळशीवरील स्वस्तिकाइतकेच मंगल आहे, आणि तसेच सांगून ती विकावी. वस्तू कोणासाठी, कशासाठी आणि कुठे घडवली गेली, हे युरोपातल्या घटनांच्या तारखेने बदलत नाही.

दिशेवरून निवाडा करणे

‘आपले स्वस्तिक उजवीकडे वळलेले, त्यांचे डावीकडे’ हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने सांगितले जाते, की ऐकणारा ते सहसा तपासत नाही. नाझी चिन्हाचे हातही उजवीकडेच वळलेले होते. डावीकडे वळलेले स्वस्तिक बौद्ध परंपरेत सर्रास दिसते. तिरकेपणाची कसोटीही पुरेशी नाही, कारण नाझींनी ते सरळ उभेही वापरले आहे आणि आपल्याकडच्या हाताने ठोकलेल्या नक्षीत ते तिरके येऊ शकते. एका खुणेवर भिस्त न ठेवता सगळी वस्तू पाहावी. चार हातांच्या मधल्या कोनांत टिंबे, जोडीला कलश, कमळ किंवा ‘श्री’, ही भारतीय घडणीची लक्षणे आहेत. स्वस्तिकावर तीन टिंबे, त्यांवर चंद्रकोर आणि कोरीत आणखी एक टिंब असेल, तर ते जैन आहे. पांढऱ्या वर्तुळात काळे चिन्ह, गरुड, कारखान्याचा ठसा आणि जर्मन मजकूर हे प्रकरण वेगळे.

परदेशी वस्तूंना सरसकट नाझी ठरवणे

देवळाली कॅम्प या ब्रिटिशकालीन लष्करी छावणीमुळे नाशिकच्या जुन्या बाजारात इंग्रजी पुस्तके, बिल्ले आणि पदके येत राहतात. त्यांवर स्वस्तिक दिसले, की घाबरून ते फेकून दिले जाते किंवा ‘नाझी’ म्हणून भाव चढवला जातो, दोन्ही चूक. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या पुस्तकांवर वर्षानुवर्षे स्वस्तिक छापले जात असे आणि हिटलरचा उदय झाल्यावर ते काढण्यात आले. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग मद्यकंपनीचे ते बोधचिन्ह होते. फिनलंडच्या हवाई दलाने ते 1918 पासून वापरले, म्हणजे नाझींच्या आधी; अमेरिकेच्या 45व्या पायदळ डिव्हिजनच्या बाहीवरही ते 1930च्या दशकापर्यंत होते. तेव्हा पाश्चात्त्य देशांत हे निव्वळ शुभशकुनाचे चिन्ह होते.

खरोखरच नाझी राजवटीची वस्तू हाती आली, तर ती समयांच्या रांगेत मांडू नये. या प्रकारात नकलांचा सुळसुळाट आहे, ईबेसारखी संकेतस्थळे अशा वस्तूंना मनाई करतात आणि जर्मनीच्या दंडसंहितेचे 86अ हे कलम संशोधन, अध्यापन व कला यांसारखे अपवाद वगळता अशा चिन्हांच्या प्रसारास गुन्हा मानते. कौतुकाची विशेषणे लावून ती विकणाऱ्याबद्दल माझे मत चांगले नाही. संग्रहालयाला किंवा अभ्यासकाला विचारणे हा बरा मार्ग.

इतर चिन्हांकडे दुर्लक्ष

पितळी ताटावरचा षट्कोण, म्हणजे सहा टोकांची चांदणी, पाहून ‘ज्यू दिवाणखान्यातले’ अशी जाहिरात करणारे भेटतात. षट्कोण आपल्या पूजेच्या यंत्रांत आहे आणि दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यावरही आहे. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या घरांतून आलेल्या वस्तू खऱ्या असू शकतात, पण त्या घराचा माग लागल्याशिवाय तसे लिहू नये. काही चिन्हे वय उघडे पाडतात: तळहात आणि स्वस्तिक असलेले एकत्रित जैन प्रतीक महावीरांच्या 2500व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी, 1974-75 मध्ये स्वीकारले गेले, आणि चार सिंहांची राजमुद्रा 26 जानेवारी 1950 ची. ती असलेली वस्तू पेशवेकालीन म्हणून विकणे म्हणजे शुद्ध फसवणूक. कमळाचे मात्र आता भलतेच झाले आहे. निवडणुकीच्या हंगामात कमळाच्या समईवर टोमणे मारणारे ग्राहक येतात. त्यांना उत्तर देत बसू नये.

जाहिरात काढून टाकली गेली तर

संकेतस्थळाने काढलेली जाहिरात शब्दांची मोडतोड करून पुन्हा टाकू नये. त्याने लपवाछपवीचा संशय वाढतो आणि खातेच बंद होण्याची वेळ येते. अशा तपासणीचा पहिला टप्पा पुष्कळदा यंत्राकडे असतो आणि यंत्राला केवळ आकार दिसतो, त्यामुळे पहिले छायाचित्र संपूर्ण वस्तूचे द्यावे आणि चिन्हाचे जवळून घेतलेले नंतर. शीर्षकात वस्तूचे नाव, धातू आणि गाव यावे. वर्णनात वापर, ठोकलेला मजकूर, काढलेले साल आणि ते कसे काढले, एवढे चार-पाच वाक्यांत लिहावे. संस्कृतीच्या थोरवीवरचा निबंध लिहू नये. फेरतपासणी करणाऱ्या माणसाला पुरावा हवा असतो. ऑस्ट्रेलियाने जानेवारी 2024 पासून नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन आणि व्यापार यांवर बंदी आणली, पण धार्मिक हेतूला अपवाद ठेवला; फेरविचाराच्या अर्जात वस्तूचा धार्मिक उपयोग स्पष्ट मांडल्यास त्याला आधार मिळतो.

वस्तू परदेशी पाठवायची असेल आणि वयाबद्दल जराही शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा आणि मगच पैसे स्वीकारावेत. पुरावस्तूंचा व्यापार धंदा म्हणून करणाऱ्याला परवाना लागतो, तर दगडी व धातूच्या मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा काही प्रकारांची नोंदणीही करावी लागते. हस्तिदंताची मूठ किंवा जडाव असलेली वस्तू वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे विक्रीला काढूच नये, मग तिच्यावरचे चिन्ह कोणतेही असो. पावतीवर वस्तू कोणत्या घरातून आली, चिन्ह कोणते, ते कुठल्या बाजूला आहे आणि सालाचा मजकूर जसाच्या तसा लिहावा. एक प्रत ग्राहकाला द्यावी व दुसरी छायाचित्रांसह स्वतःकडे ठेवावी, म्हणजे पार्सल अडले किंवा ग्राहकाने परत केले, तरी वर्णन नव्याने जुळवावे लागत नाही.