विंडोज १० वरून ११ वर जाताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून दारव्ह्याकडच्या माझ्या दुकानात रोज कोणीतरी मोटारसायकलवर सीपीयू घेऊन येतं आणि म्हणतं, "भाऊ, अकरा मारून द्या." मी आधी विचारतो, प्रिंटर कोणता आहे? मराठी कशात टाइप करता? अंगठ्याचं मशीन कोणतं? समोरच्याला वाटतं हा वेळ काढतोय. पण १० आणि ११ ची तुलना चुकते ती इथंच. लोक स्टार्टचं बटण मधोमध आहे की डावीकडे, एवढंच पाहतात. ते तर टास्कबारच्या सेटिंगमधून मिनिटात डावीकडे नेता येतं. खरी तुलना तुमच्या मशीनला जे जोडलंय आणि त्यात जे साठवलंय, त्याच्याशी करायची असते.

पहिली चूक, "आय-फाइव्ह (इंटेलचा प्रोसेसर) आहे म्हणजे चालेलच." नागपूरहून आणलेल्या सेकंडहँड मशीनवर आय-फाइव्हचं स्टिकर असतं, पण पिढी त्यापुढच्या आकड्यात लपलेली असते. ३४७० म्हणजे तिसरी पिढी, ८४०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी. इंटेलमध्ये विंडोज ११ साठी साधारण आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (चालू होताना खरं विंडोजच आहे ना हे तपासणारी सोय) आणि किमान ४ जीबी रॅम. टीपीएम नाही असा निरोप आला तरी लगेच हार मानू नका. पुष्कळ मशीनमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. मात्र बायोसमध्ये गेलात म्हणून लीगसी मोड (मशीन चालू व्हायची जुनी पद्धत) घाईत बंद करू नका. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर मशीन चालूच होणार नाही. आधी ती नव्या जीपीटी पद्धतीत बदलावी लागते.

अट चुकवून ११ टाकून देणारे भेटतात. मी देत नाही. तसं मशीन पुढच्या मोठ्या अपडेटला अडकतं, आणि २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरवर विंडोज सुरूच होत नाही. अशा मशीनमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाका, १० ठेवा आणि वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. घरगुती संगणकांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत; त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. वेगाचं म्हणाल तर १० वरून ११ वर जाऊन जो फरक पडतो, त्याहून कितीतरी जास्त एका एसएसडीनं पडतो.

आता फॉन्टचं. आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं.

मागच्या लगीनसराईत पत्रिका करणाऱ्या एका पोराचं मशीन मी फॉरमॅट मारलं. फाइली डी ड्राइव्हला होत्या, सगळ्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी तो पेन ड्राइव्ह घेऊन धावत आला. फाइल उघडली तर "श्री गणेशाय नमः" च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, मधे एक अवतरणचिन्ह आणि शेवटी विसर्गाच्या ठिकाणी टक्क्याची खूण. "व्हायरस लागला का भाऊ?" व्हायरस नव्हता. फाइल कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये होती आणि तो फॉन्ट सी ड्राइव्हसोबत पुसला गेला होता. असे जुने फॉन्ट मराठी अक्षर साठवतच नाहीत. साठवतात इंग्रजी अक्षर आणि त्यावर मराठी चेहरा चढवतात. फॉन्ट परत टाकला की मजकूर जसाच्या तसा दिसतो. म्हणून फॉरमॅटच्या आधी सी ड्राइव्हमधलं विंडोजचं फॉन्ट्स फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. आता मी कोणाचंही मशीन हातात घेतलं की आधी तेच करतो.

मंगल फॉन्टची तक्रार वेगळी आहे. तो युनिकोड आहे, म्हणजे खरं मराठी अक्षरच साठवतो, त्यामुळे मजकूर बिघडत नाही. पण नव्यानं टाकलेल्या विंडोज १० किंवा ११ मध्ये मंगल आधीपासून असेलच असं नाही. मग त्याच्या जागी निर्मला फॉन्ट येतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाखालची सही दुसऱ्या पानावर जाते. सेटिंगमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स शोधा आणि टाका, ओळी जागेवर येतात. बोललं तसं टाइप करायचं असेल तर मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोजमध्येच आहे. कुठूनतरी आणलेलं सॉफ्टवेअर त्यासाठी टाकू नका.

"काल त सगळं होतं, आज डेस्कटॉप रिकामा!" अशी तक्रार आली की घाबरून फॉरमॅट मारू नका. ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं शिरलात की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पुष्कळदा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जातात. फाइली तिथं सापडतात. मोफत जागा फक्त ५ जीबी असल्यामुळे ती भरली की पुढचं चढत नाही, तेव्हा नको असेल तर वनड्राइव्हच्या सेटिंगमधून बॅकअप बंद करा. त्याच खात्यामुळे नव्या मशीनची डिस्क आपोआप कुलूपबंदही होऊ शकते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा नंबर, खात्यात असते. ती वहीत उतरवून ठेवा, आणि खातं दुकानदाराच्या ईमेलवर कधीच उघडू देऊ नका.

अजूनही विंडोज सात चालवणारे पुष्कळ आहेत. सात हलकं होतं, मलाही आवडायचं. पण त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला आणि क्रोमची १०९ ही त्यावरची शेवटची आवृत्ती. जुन्या क्रोममध्ये सरकारी संकेतस्थळ अर्धंच उघडलं की दाखल्यांच्या केंद्रात बसलेले आपण "सर्व्हर डाऊन आहे" म्हणून रांगेतल्या माणसाला परत पाठवतो. तो बिचारा पुन्हा एसटीनं येतो. आधी शेजारच्या नव्या मशीनवर तेच पान उघडून पाहा. सात ३२ बिटचं असो की ६४, त्यावरून थेट ११ वर जाता येत नाही; शिवाय ११ फक्त ६४ बिटमध्ये आहे. सगळं नव्यानं टाकावं लागतं. जुन्या स्कॅनरचा किंवा अंगठ्याच्या मशीनचा ६४ बिट ड्रायव्हर (ते विंडोजवर चालवणारं सॉफ्टवेअर) मिळतो का, हे त्याआधी बघा.

प्रिंट भलत्याच प्रिंटरवर जात असेल तर "डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या" हा पर्याय बंद करा. आणि प्रिंटर अडकला तर शटडाऊन नको, रीस्टार्ट करा. विंडोज ८ पासून शटडाऊननं मशीन पूर्ण झोपत नाही, बिघाड तसाच राहतो.

जून-जुलैत, दाखले आणि पीक विम्याच्या गर्दीत, हे काम काढूच नका. यूपीएसची बॅटरी धड नसेल तरीही नको. अपडेट अर्ध्यावर असताना लाईन गेली की फाइली बिघडतात. टक्केवारी तासभर एकाच आकड्यावर थांबली तरी डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर बटण दाबू नका. अपग्रेड झाल्यावर पहिले दहा दिवस डिस्क क्लीनअप टाळा. जुनं विंडोज तोवर विंडोज-ओल्ड फोल्डरमध्ये असतं, आणि प्रिंटर किंवा अंगठ्याचं मशीन चाललंच नाही तर रिकव्हरीमधल्या गो बॅकनं तिथूनच परत येता येतं.