शांतारामबापूंची कारकीर्द गावच्या सभागृहात: आठ संध्याकाळींची आखणी

व्ही. शांतारामांचे चित्रपट दाखवायचे ठरले की बहुतेक मंडळं ‘नवरंग’ किंवा ‘पिंजरा’पासून सुरुवात करतात. गर्दी होते, गाण्यांना दाद मिळते आणि रंगांचा नि नाचांचा दिग्दर्शक एवढीच त्यांची ओळख लोकांच्या मनात राहते. त्यांचं सगळ्यात धाडसी काम मात्र त्याआधीचं, कृष्णधवल काळातलं आहे, आणि ते नीट पाहायचं तर क्रम, आवाज आणि अंधार या तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. खालची आखणी गोव्यातल्या वाचनालयासाठी, मंडळासाठी किंवा देवस्थानच्या सभागृहासाठी आहे. खुर्च्या ८० ते १२०, दर पंधरा दिवसांनी एक शनिवार.

आधी कॅलेंडर. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली जुना बोलपट लावू नये, सरींच्या आवाजात संवाद पार बुडून जातात. व्हडल्या दिवाळीनंतर, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर, सुरुवात करून शिगम्याच्या आत आठ खेळ बसतात. याच महिन्यांत गावोगावच्या जत्रा असतात, म्हणून आपल्या आणि शेजारच्या दोन-तीन गावांच्या जत्रांच्या तारखा आधी लिहून काढा आणि उरलेल्या शनिवारांवर खेळ ठेवा. यातले बरेच चित्रपट अडीच तासांच्या आसपास जातात. पावणेसातला सुरू केलं तर मध्यंतर धरून साडेनऊ-पावणेदहा होतात. उघड्या मंडपात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, त्यामुळे दीपप्रज्वलन आणि सत्कार यांना कात्री लावा. चित्रपटाला लावू नका.

क्रम असा: ‘कुंकू’ (१९३७), ‘अयोध्येचा राजा’ (१९३२), ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१), ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६), ‘अमर भूपाळी’ (१९५१) आणि ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७). शांतारामांचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ पहिल्याच संध्याकाळी लावला तर संथ गती आणि जुन्या मुद्रणाचा खरखरीत आवाज यांना कंटाळून निम्मे लोक पुढच्या खेळाला येत नाहीत. ‘कुंकू’ आजही पकड घेतो. तो पाहून झाला की पाच वर्षं मागे जाताना लोकांच्या मनात प्रश्न तयार असतो: एवढ्या थोड्या काळात हा माणूस इथवर आला कसा?

प्रत्येक खेळाआधी सात मिनिटं बोला, त्याहून जास्त नको. पहिल्या संध्याकाळी कारकिर्दीचा नकाशा तीन शहरांत सांगावा. कोल्हापूर: १९०१चा जन्म, बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम, ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकऱ्याची भूमिका, १९२७मध्ये ‘नेताजी पालकर’चं दिग्दर्शन आणि १९२९मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्याबरोबर प्रभात फिल्म कंपनी. पुणे: प्रभातचा स्टुडिओ तिथे हलला आणि त्यांचे सर्वांत कसदार सामाजिक चित्रपट तिथेच झाले, याच जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मुंबई: १९४२मध्ये प्रभात सोडून परळला राजकमल कलामंदिर. राजाराम आणि कमल या आईवडिलांच्या नावांवरून ते नाव घेतलं. एवढं पुरे. पुरस्कारांची यादी वाचू नका, फाळके पुरस्कार (१९८५) शेवटच्या संध्याकाळी एका वाक्यात येऊ दे.

आता काय पाहायला सांगायचं ते. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. नीराचं फसवून काकासाहेब या म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावलं जातं आणि हे लग्न ती मानत नाही. त्या घरात जे वाजतं तेवढंच आपल्याला ऐकू येतं: भिंतीवरचं घड्याळ, भांडी, ग्रामोफोन. घड्याळ म्हणजे काकासाहेबांचं वय. ते चालू असणं, अडणं, थांबणं यांत त्यांची अख्खी गोष्ट आहे. प्रेक्षकांना आधी एकच सांगा, घड्याळाकडे कान ठेवा. शेवट सांगू नका. शांता आपटे आणि केशवराव दाते यांचा अभिनय समजवावा लागत नाही, तो आपोआप पोहोचतो. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर चित्रपट बेतलेला आहे. वाचनालयात प्रत असेल तर ती दारापाशीच्या टेबलावर ठेवा.

‘अयोध्येचा राजा’च्या वेळी लक्ष गाण्यांवर ठेवायला सांगा. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे कॅमेऱ्यासमोर उभे राहून खरोखर गात होते, वादक चौकटीबाहेर बसलेले असत आणि मायक्रोफोन जवळच कुठेतरी टांगलेला. गाणं सुरू झालं की कॅमेरा आणि नट दोघेही जागचे फारसे हलत नाहीत, त्याचं कारण हे आहे. नाट्यपदांवर वाढलेल्या गोव्यातल्या प्रेक्षकांना ही बैठक परकी वाटत नाही, उलट ज्येष्ठ मंडळी ताल धरतात. संगीत नाटकाची ही बैठक कॅमेऱ्याने कुठे मोडायला घेतली ते पुढच्या खेळात दिसतं. ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचा डोळा पडदाभर येतो. टेलिफोटो भिंगाने घेतलेला तो डोळा १९३४च्या प्रेक्षकाने असा कधी पाहिला नव्हता. राजगुरू हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन आहेत, मराठीत केशवराव दाते. तुमच्या हाती कोणती आवृत्ती आहे ते पाहूनच पत्रक छापा.

‘माणूस’ आणि ‘शेजारी’ लागोपाठ ठेवा. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्यावस्तीतली मैना यांची पहिली गोष्ट. दुसरी पाटील आणि मिर्झा या जिवलग शेजाऱ्यांची, ज्यांच्यात धरणाच्या कामावरून फूट पाडली जाते. ‘माणूस’मधलं शांता हुबळीकरांचं अनेक भाषांतून फिरणारं गाणं लोकांना आधीच ठाऊक असतं. ते सुरू होताच सभागृहात कुजबुज होते, होऊ द्या. ‘शेजारी’त शेवटची धरणफुटी चालू असताना दारं बंद ठेवा. त्या दहा मिनिटांत कोणी दार उघडून आलं तर पडद्यावर प्रकाश पडतो आणि पाण्याचं दृश्य फिकं होतं. ‘कोटणीस’मध्ये मुख्य भूमिका शांतारामांनी स्वतःच केली आहे. ‘अमर भूपाळी’ हा होनाजी बाळाचा चित्रपट, संगीत वसंत देसाईंचं. शाहिरी मराठी सगळ्यांना झेपत नाही, तेव्हा गावातल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांनाही यायला हवं असेल तर कथेचा अर्ध्या पानाचा गोषवारा कोंकणीत करून आधी वाचून दाखवा. ‘दो आँखें’ शेवटी ठेवायचा, कारण इथवर पाहिलेलं सगळं त्यात एकत्र येतं. सहा कैदी आणि त्यांच्यावर भरवसा टाकणारा जेलर एवढाच पसारा. माणसाच्या नजरेचं बळ पुन्हा मध्यभागी. औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून ही कल्पना आली, आणि बैलाशी झुंजीच्या दृश्यात शांतारामांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली होती. १९५८च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला.

प्रत मिळवण्याचं काम तीन महिने आधी सुरू करा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहिताना चित्रपटाचं नाव, वर्ष, भाषा, तारीख, जागा, आसनसंख्या आणि प्रवेश मोफत की तिकीट लावून हे सगळं पहिल्याच पत्रात द्या, नाहीतर विचारणा-उत्तरांतच महिना जातो. भारतीय कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. या हिशेबाने वरचे आठही चित्रपट मुक्त आहेत, ‘पिंजरा’ (१९७२) नाही. त्यासाठी हक्कदारांची लेखी परवानगी घ्यायची आणि मगच तो नववा खेळ म्हणून जाहीर करायचा. गीतांचे शब्द आणि चाली यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. म्हणून खेळाआधी स्थानिक गायकांकडून गाणी गाऊन घेण्याचा बेत असेल तर त्याची चौकशी स्वतंत्र करा. घरच्या वापराच्या ऑनलाइन खात्यावरून सार्वजनिक खेळ करू नका. फाइल आली की ती पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत पाहा. टीव्हीसाठी गाणी कापलेल्या प्रती सर्रास फिरतात आणि नेमकी तीच गाणी ऐकायला लोक आलेले असतात.

चित्राचं माप हा सगळ्यात जास्त बिघडणारा भाग. हे चित्रपट जवळपास ४:३ मापाचे आहेत. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप १६:९चे, त्यामुळे यंत्र आपोआप चित्र ताणतं आणि माणसं बुटकी, चेहरे रुंद दिसतात. प्रोजेक्टरच्या मेनूत माप ‘मूळ’ किंवा ‘४:३’ करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. पट्ट्या बघून कोणी ना कोणी ‘पडदा भरून लावा’ म्हणेल. त्याचं ऐकलंत तर चित्र वरून-खालून कापलं जाईल आणि राजगुरूची भुवई जाईल. पडदा १२ फूट रुंद असेल तर उंची पावणेसात फूट आणि प्रत्यक्ष चित्र ९ फूट रुंद मिळतं. पहिली रांग पडद्यापासून १४ फुटांवर, शेवटची ४० फुटांच्या आत ठेवा. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान ४ फूट. दीडच्या थ्रो रेशोचा (म्हणजे चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणारा) प्रोजेक्टर १२ फुटी पडद्यासाठी १८ फुटांवर ठेवावा लागतो, म्हणजे तो खुर्च्यांच्या मधोमधच येणार; त्याच्या भोवतीच्या चार खुर्च्या काढा. काळोख असेल तर ३००० ल्युमेन भरपूर होतात. दिव्याची तीव्रता कमी ठेवली तर काळा रंग अधिक काळा दिसतो. टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर १९३७चा चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. देवळाच्या बाजूची समई, बाहेर जायच्या दाराचा दिवा, पायऱ्यांवरची ट्यूब यांचा प्रकाश पडद्यावर येतो का ते आदल्या संध्याकाळी, अंधार पडल्यावरच तपासता येतं.

आवाजासाठी मिक्सरसमोर बसायच्या आधी एक गोष्ट पाहा: भजनासाठी लावलेला इको तसाच चालू आहे का. असतोच. तो शून्यावर आणा. मुद्रण मोनो आहे, म्हणून दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर ठेवण्यापेक्षा एकच, पडद्याच्या खाली मधोमध ठेवा. बोलणं मग माणसाच्या तोंडातून आल्यासारखं वाटतं. बास १०० हर्ट्झच्या खाली कापा, ट्रेबल थोडा उतरवा, २ ते ३ किलोहर्ट्झचा भाग किंचित चढवा. संवाद स्वच्छ होतात आणि खरखर मागे पडते. फरशीचं सभागृह घुमत असेल तर पहिल्या दोन रांगांच्या जागी जमखाने अंथरा आणि मुलांना तिथे बसवा. ब्लूटूथ स्पीकर अजिबात नको, आवाज ओठांच्या मागे पडतो. गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, पुष्कळदा दोष तिथेच असतो. १० मीटरपेक्षा लांब साधी एचडीएमआय केबल भरवशाची नाही, तेव्हा लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवून लांब केबल आवाजाची न्या. वीज जाणं धरूनच चाला. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप १ केव्हीएच्या यूपीएसवर घ्या, अॅम्प्लिफायरला दुसरी सोय करा.

सगळं लावून झालं की ‘कुंकू’तलं घड्याळ वाजतं ती जागा काढा आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसा. टिकटिक स्पष्ट ऐकू आली पाहिजे. आली नाही तर आवाज वाढवायच्या आधी छताचे पंखे कमी करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत निम्म्या वेगावर कोणाची तक्रार येत नाही.

चर्चेसाठी ‘चित्रपट कसा वाटला’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणून उठतात. त्यापेक्षा मराठी आणि हिंदी आवृत्ती शेजारी ठेवा. प्रभातमध्ये एकाच सेटवर दोन्ही भाषांत चित्रीकरण होत असे: ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. शेवटच्या जोडीत तर नटाची अदलाबदलही आहे: मिर्झा दोन्हीकडे गजानन जागीरदार, पण मराठीतल्या केशवराव दात्यांच्या जागी हिंदीत मझहर खान. म्हणजे हिंदीत हिंदू नट मुसलमान झाला आहे आणि मुसलमान नट हिंदू. एकच प्रसंग दोन्हीतून सहा-सात मिनिटांचा काढून ठेवा, आधी मराठी, मग हिंदी, मध्ये बोलणं नको. मग विचारा: कॅमेरा कुठे बदलला, कोण लवकर बोललं, कोण थांबलं? गोव्यातल्या प्रेक्षकाला दोन्ही भाषा कळतात, त्यामुळे इथे उत्तरं भराभर येतात. दोन्ही तुकडे एकाच फोल्डरमध्ये १ आणि २ अशा नावांनी ठेवा आणि दोन्हींच्या आवाजाची पातळी आधी जुळवून घ्या, कारण हिंदी आणि मराठी प्रती वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या असतात आणि त्यातली एक हमखास मोठ्याने वाजते.