फेब्रुवारी-मार्च: द्राक्षकाढणी संपण्याआधी वेलींना खुणा करा

येत्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ज्यांना डॉगरिज किंवा 110-आर खुंटावर (मुळांसाठी लावलेल्या वेगळ्या जातीच्या वेलीवर) कलमं भरायची आहेत, त्यांचं सगळ्यात मोलाचं काम आत्ता, घड वेलीवर असताना करायचं आहे. ऑगस्टमध्ये काडी काढायला बागेत शिरलं की वेलीवर एकही घड नसतो. कोणती वेल दरवर्षी भरते आणि कोणती नुसती वाढते, हे पानांवरून कळत नाही. मग हात जातो तो जाड, सरळ, तजेलदार काडीकडे. घात होतो तो इथेच. ज्या वेलीवर घड कमी लागतात तिची ताकद लाकडात जाते, आणि त्यामुळे संपूर्ण ओळीत तिच्याच काड्या सर्वांत देखण्या दिसतात. अशा वेलीच्या काड्या भरल्या की तिची वांझ सवय नव्या प्लॉटमध्ये पसरू शकते. हे लक्षात येतं पहिल्या-दुसऱ्या बहाराला, म्हणजे मांडव, तारा, ठिबक सगळा खर्च होऊन गेल्यावर.

'सगळी बाग थॉमसन या एकाच जातीची, मग वेलीवेलीत फरक कसला?' असं विचारलं जातं. एका काडीपासून दुसरी अशी पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली जात असली तरी प्रत्येक वेल तंतोतंत सारखी राहत नाही. पेशी विभागते तेव्हा तिच्यातल्या डीएनएची नक्कल होते आणि कधीतरी त्या नकलेत चूक राहते. हेच म्युटेशन, उत्परिवर्तन. वाढणाऱ्या डोळ्यातल्या (काडीवरच्या कळीतल्या) पेशीत अशी चूक झाली आणि ती टिकली, तर त्या डोळ्यातून फुटणारी काडी तो बदल सोबत घेऊन येते. बहुतेक बदलांनी वेलीचं काहीच बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. ते जनुकांच्या बाहेर पडलेले असतात किंवा जनुकात असूनही काम तेच राहतं. काही बदल नुकसान करतात: घड लहान राहतो, मणी एकसारखा येत नाही, फळधारणा घटते. फायद्याचा बदल फार विरळा. म्हणून काडी निवडण्याचा पहिला हेतू नवं वाण सापडावं हा ठेवू नका. वाईट बदल पुढच्या बागेत जाऊ नये, यासाठी निवड करायची आहे.

फायद्याचे बदल मिळतात हेही खरं. आपली द्राक्षशेती त्यांच्यावरच उभी आहे. थॉमसनचं बिनबियांचं असणं हाच मुळात एक बदल आहे. फळधारणा होते, बी धरायलाही लागतं, पण त्याचं कवच कडक होण्याआधी वाढ थांबते आणि मण्यात फक्त मऊ, बारीक खूण उरते. यामागे एका जनुकातला एका ठिकाणचा बदल आहे, असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. रानातल्या वेलीला हा बदल म्हणजे वंश बुडणं. माणसाने काडी लावून वेल वाढवली म्हणून तो टिकला आणि बाजारात त्यालाच भाव आला. तेव्हा बदल चांगला की वाईट हे कोणाच्या सोयीने, कोणत्या बागेत, कोणत्या बाजारात बघतो यावर ठरतं. हिरव्या द्राक्षांचा हिरवा रंगही असाच आला. सालीत रंग भरणारी यंत्रणा त्यांच्यात बंद पडलेली आहे.

तासगावची तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका ही थॉमसनच्या गोतावळ्यातली वाणं शेतकऱ्यांच्या नजरेने वेगळी काढली. शरद सीडलेस किशमिश चोर्नीतून नान्नजलाच निघाली. जुन्नर, नारायणगावच्या काळ्या द्राक्षांचा व्यापार अशा निवडींमुळे वाढला. ही माणसं काढणीच्या घाईतही वेलीपाशी थांबून बघत होती.

आता प्रत्यक्ष काम. पहिला तोडा सुरू होण्याआधी एक सकाळ काढा आणि कलमकाडीसाठी ठरवलेल्या प्लॉटमधून ओळीने चाला. चांगल्या वेलीच्या खोडावर पिवळा ऑइलपेंट, ज्या वेलीची काडी अजिबात घ्यायची नाही तिच्यावर लाल. रिबन बांधू नका. उन्हात ती विटते आणि एप्रिलच्या छाटणीत काडीबरोबर जाते. रंग खोडावरच द्या आणि वहीत ओळ व वेलीचा क्रमांक लिहा. चांगली वेल म्हणजे सर्वांत मोठा एक घड असलेली वेल नव्हे. दोन्ही ओलांड्यांवर (तारेवर आडव्या वळवलेल्या फांद्यांवर) घडसंख्या सारखी, मणी एका मापाचे, देठ हिरवा, घडाला पाकळ्या (घडाचे छोटे फाटे) नीट सुटलेल्या आणि शेजारच्या वेलींइतकंच पाणी-खत घेऊन हे सगळं आलेलं, अशी वेल हवी. बांधाकडची, पाइपलाइनच्या गळतीजवळची किंवा शेणखताच्या ढिगालगतची वेल कितीही भरलेली असली तरी सोडा. तिचा गुण जागेचा असतो. एका वर्षाच्या पिवळ्या खुणेवर विसंबू नका. गेल्या हंगामाची नोंद असेल तर दोन्ही वर्षं चांगल्या ठरलेल्या वेलीच मातृवेल धरा. लाल खुणेला मात्र एक वर्षही पुरतं.

दरवर्षी दिसणारी आणखी एक गल्लत म्हणजे वेगळं काही दिसलं की त्याला लगेच म्युटेशन म्हणणं. मणी लांबट झाला तर आधी जीएची (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाची) मात्रा आणि डिपिंगची (घड त्यात बुडवण्याची) वेळ आठवा. एका ओळीतच मणी मोठा असेल तर तिथे गर्डलिंग (सालीची गोल पट्टी काढणं) झालं होतं का ते विचारा. पानं पंख्यासारखी आकसली, शिरा जवळजवळ आल्या, कडा करवतीसारख्या झाल्या तर शेजारच्या उसात किंवा ज्वारीत 2,4-डी मारलं होतं का याची चौकशी करा. द्राक्षवेल या तणनाशकाला फार नाजूक आहे आणि वाऱ्याने आलेला त्याचा अंशही पानांचा आकार बिघडवतो. विषाणूनेही पानं वाकडी होतात, पेरं आखूड पडतात. अशी वेल 'नवीन जात' म्हणून वाढवली तर रोगच वाटला जाईल. साधी कसोटी अशी: फवारणीचा किंवा हवामानाचा परिणाम बहुधा अनेक वेलींवर, पट्ट्याने दिसतो आणि पुढच्या फुटीला ओसरतो. डोळ्यातला बदल एका वेलीवर, बहुतेकदा एकाच ओलांड्यावर किंवा एकाच काडीवर असतो आणि त्याच जागी पुन्हा येतो. कोणतंही टॉनिक किंवा संजीवक हवा तो बदल जनुकात घडवून आणत नाही. असा दावा करणाऱ्याकडून काही घेऊ नका.

समजा, ओलांड्यावरच्या एकाच फुटीचे घड खरोखर वेगळे आहेत: रंग निराळा, मणी आपसूक मोठा किंवा पक्वता शेजारच्यांपेक्षा आठवडाभर आधी. अशी फूट एप्रिलच्या खरड छाटणीत हमखास जाते. खरडीला आपण काडी ओलांड्यापाशी बुडातून घेतो आणि नवी वाढ खालच्या डोळ्यांतून काढतो. बदल वरच्या डोळ्यात झालेला असेल तर खालच्या डोळ्यांत तो नसतोच. म्हणून तोडा झाल्यावर त्या फुटीला तारेने ॲल्युमिनियमची पट्टी बांधा, छाटणी करणाऱ्या टोळीला त्या वेलीपाशी नेऊन दाखवा आणि ती काडी न खरडता ठेवा. घड ज्या फुटीवर होता, तिचेच बुडाकडचे तीन-चार डोळे राखून वर छाट घ्या आणि त्यांतून येणाऱ्या काड्या वेगळ्या वळवा. एखाद्याच मण्याचा अर्धा भाग काळा किंवा एकाच घडाची एक पाकळी रंगीत असेल तर मात्र हळहळू नका. बदल फळात झाला, तिथे डोळा नाही, आणि डोळ्याशिवाय तो वाढवता येत नाही.

ऑगस्टमध्ये त्या काड्यांचा प्रत्येक डोळा वेगळा मोजा. डोळ्यात पेशींचे थर असतात. बदल कधी वरच्याच थरात, कधी एका बाजूलाच असतो. त्यामुळे एकाच काडीच्या एका डोळ्यातून नवा गुण उतरतो आणि पुढच्या डोळ्यातून जुनाच येतो. प्रत्येक कलमाला काडीचा आणि डोळ्याचा क्रमांक द्या, शेजारी त्याच वयाची, त्याच खुंटावरची मूळ जातीची कलमं भरा आणि दोन्हींना एकच पाणी, एकच खत, एकच फवारणी ठेवा. निदान तीन बहार बघा. मण्याची जाडी 16 की 18 मिलिमीटर यासोबत घडसंख्या, घड जिरण्याचं (कोवळा घड न टिकण्याचं) प्रमाण, अवकाळी पावसानंतर तडकणं, मणीगळ आणि पेटीतला टिकाऊपणा लिहून ठेवा. मोठा मणी देणारा बदल तडकणं वाढवत असेल तर त्याच्यात फायदा नाही. पहिल्याच बहाराला काड्या विकायला काढणं हा घेणाऱ्यावर अन्याय आहे.

बागेतली बुरशीही याच वाटेने बदलते. डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) असंख्य बीजाणूंत एखाद्यात आपोआप असा बदल असतो की अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिनसारखी स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधं त्याला लागत नाहीत. तेच औषध पुन्हापुन्हा मारलं की बाकीचे मरतात आणि तो वाढतो. ऑक्टोबर छाटणीसाठी औषधांची यादी करताना ब्रँडऐवजी गट बघा. वेगळ्या नावाचा डबा त्याच गटाचा असू शकतो. लेबलवर द्राक्षासाठी शिफारस आणि काढणीपूर्व कालावधी तपासूनच यादीत घ्या.

तीन बहारांनंतरही गुण टिकला तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला वेल दाखवा. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 नुसार शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवता येतं. त्यासाठी वेगळेपण, एकसारखेपणा आणि टिकाऊपणा दाखवावा लागतो, आणि तिथे तुमची ओळ-वेलीच्या क्रमांकांची वही कामी येऊ शकते. बदल एखाद्या संरक्षित परदेशी वाणावर आला असेल तर मूळ वाणाच्या मालकाचा हक्क त्यावरही लागू होऊ शकतो. अशी काडी कोणाला देण्याआधी करार वाचा आणि जाणकाराला विचारा.