वापसा आला, ट्रॅक्टर सुरू झाला, पण क्लच सुटेना

रब्बी ज्वारीची पेरणी तोंडावर आली आहे. उत्तरा नक्षत्राचा पाऊस उघडला की मध्यम जमिनीला वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मिळतो तो जेमतेम तीन-चार दिवस. खताची पोती येऊन पडलेली असतात, पेरणीची पाभर तपासून झालेली असते आणि नेमक्या त्या सकाळी ट्रॅक्टर गिअर घेत नाही. पुरंदर, दौंड, शिरूर भागात हे दर हंगामात पाहतो आहे. शेतकरी पाऊस उशिरा झाला म्हणून पेरणी चुकली असं सांगतो. खरं तर पेरणी चुकलेली असते जुलैपासून गोठ्याशेजारी क्लचचं पायडल न दाबता उभ्या केलेल्या ट्रॅक्टरमुळे.

म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आज संध्याकाळीच एवढं करून बघा. ट्रॅक्टर मोकळ्या जागेत आणा, न्यूट्रलवर सुरू करा, क्लचचं पायडल तळापर्यंत दाबा, मनात पाच-सहा आकडे मोजा आणि हळूच गिअर टाका. सरळ पडला तर ठीक. खर्र वाजला, पण इंजिन बंद केल्यावर तोच गिअर लोण्यासारखा पडला, तर दोष गिअरबॉक्सचा नाही. क्लच सुटत नाहीये.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे मिस्त्री काय सांगतो ते कळेल. क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये स्प्रिंगच्या जोराने दाबलेली असते. पायडल दाबलं तरच ती मोकळी होते. ट्रॅक्टर दोन महिने पावसाळी हवेत जागचा हलला नाही, तर या दोन्ही लोखंडी तोंडांवर गंज धरतो आणि प्लेटवरचा घर्षणाचा थर, म्हणजे लायनिंग, त्याला चिकटून बसतं. मावळ, मुळशी, भोरकडे भाताची चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरचं आणखी वाईट. खाचरातलं पाणी बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या लोखंडी खोळीत, शिरतं. हाउसिंगच्या तळाला पाणी निघायचं एक छिद्र असतं. काही ट्रॅक्टरांना चिखलणीपुरता तिथे प्लग लावतात. तो काढायचा राहिला, किंवा छिद्र चिखलाने बुजलं, तर आत डबकं साचतं आणि प्लेट त्या ओलीत महिना-दोन महिने राहते.

तरी चिकटलाच असं लगेच धरून चालू नका. आधी फूटबोर्डखाली वाका. गेल्या वर्षी एका ओळखीच्या शेतकऱ्याला दुकानदाराने पूर्ण क्लच सेटचं पाच आकडी कोटेशन हातात दिलं होतं. आम्ही दोघं बॅटरी घेऊन खाली वाकलो, तर पायडलच्या दांड्यामागे चिखलणीचा चिखल वाळून विटेसारखा घट्ट झालेला. पायडल निम्म्यावरच अडत होतं. खुरप्याने तो ढेकूळ काढला, पायडलच्या शाफ्टला ग्रीस मारलं आणि गिअर पडला. कोटेशनचा कागद त्यांनी तिथेच चुलीत घातला.

दुसरी गोष्ट पायडलची ढिलाई. हाताने पायडल दाबत जा, जड लागायला लागेल तिथे थांबा आणि पट्टीने मोजा. बऱ्याच ट्रॅक्टरांना ही ढिलाई २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास लागते, पण आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असेल तोच आकडा खरा. साठ-सत्तर भरली तर पायडल तळाला टेकूनही आत क्लच पुरता सुटत नाही. खालच्या रॉडचा लॉकनट ढिला करून ती कमी करता येते. मात्र ढिलाई शून्यावर आणू नका, नाहीतर पायडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत घासून जळेल आणि क्लच घसरायला लागेल. रॉडच्या पिना झिजून भोकं लांबट झाली असतील तर आधी पिना बदला. कामाच्या मानाने त्यांना नगण्य पैसे लागतात.

डबल क्लचचा ट्रॅक्टर असेल तर अर्ध्या दाबात चाकांचा क्लच सुटतो आणि पूर्ण दाबात पीटीओचा, म्हणजे औजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा. पीटीओ थांबतो पण गिअर खरडतो, किंवा उलट, यातलं नेमकं काय होतं ते मिस्त्रीला सांगा. त्याचा अर्धा दिवस वाचेल.

हे सगळं ठीक असूनही गिअर खरडत असेल, तर प्लेट चिकटली आहे असं समजा. ती मोकळी करायची माझी रीत अशी. मागचं औजार सोडा, पीटीओ न्यूट्रलला घाला. इंजिन वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवा, बेल हाउसिंगला हात लावून ऊब जाणवली पाहिजे. मग इंजिन बंद करून पायडल तळापर्यंत दाबा आणि पायडल व सीटच्या फ्रेममध्ये लाकूड अडकवून रात्रभर तसंच ठेवा. आतली ऊब आणि रात्रीचा गारवा यांच्या ओढाताणीत चिकटलेलं लायनिंग सैल होतं, असा माझा अंदाज. पुस्तकात कुठे वाचलेलं नाही, पण तीन-चार ट्रॅक्टर सकाळी आपोआप सुटलेले मी पाहिले आहेत.

नाहीच सुटला तर ट्रॅक्टर सपाट, रिकाम्या रानात न्या. पुढे पन्नास-साठ मीटर ना माणूस, ना बांध, ना विहीर. दोन्ही ब्रेकची पायडलं पट्टीने जोडून घ्या. सीटवर बसूनच, क्लच पूर्ण दाबून, मधल्या गिअरमध्ये स्टार्टर मारा. ट्रॅक्टर सुरू होताच चालायला लागेल, दचकू नका. क्लचवरचा पाय न काढता ब्रेकला दोन-चार झटके द्या आणि रेस कमी-जास्त करा. पहिला गिअर मुद्दाम घेऊ नका. त्यात इंजिनाचा जोर इतका वाढतो की ब्रेकचा झटका प्लेटपर्यंत पोचतच नाही. सुटला की टक् असा आवाज येतो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबतो. इंजिन बंद करायचा नॉब हाताशी ठेवा. चार-पाच वेळा करूनही सुटला नाही तर नाद सोडा.

जमिनीवर उभं राहून स्टार्टरला पाना टेकवून गिअरमधला ट्रॅक्टर सुरू करू नका, कोणीही, कधीही. मागचं चाक अंगावरून जातं. माणसं मेली आहेत अशी.

बेल हाउसिंगमध्ये डिझेल किंवा गंज काढायचा स्प्रे ओतायचा सल्ला दुकानात हमखास मिळतो. ऐकू नका. लायनिंग तेल पितं आणि आज चिकटणारा क्लच उद्या नांगराला घसरतो.

ट्रॅक्टर खोलायचीच वेळ आली तर मिस्त्रीजवळ बसून राहा. लायनिंग रिबिटांच्या वर शिल्लक असेल, तडा नसेल, प्रेशर प्लेटवर जळाल्याचे निळे डाग नसतील, तर पॉलिश पेपरने तोंडं साफ करून तीच प्लेट चालते. प्लेट स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या खाचांवर, हाताने सरकते का ते बघा. गंजाने ती तिथेही अडकते. ट्रॅक्टर खोललाच आहे तर रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग बदलून घ्या, तिथे कंजुषी नको. क्लचच्या फिंगर, म्हणजे प्रेशर प्लेट मागे ओढणारे छोटे दांडे, एका पातळीत लावायला सांगा. काढलेले जुने भाग मागून घ्या.

रब्बी ज्वारीच्या पेरणीची नेहमीची कामं:

– पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर
– बियाणे हेक्टरी १० किलो, अंतर ४५ × १५ सेंमी
– काणी रोगासाठी ३०० मेश गंधक (बारीक पूड), किलो बियाण्याला ४ ग्रॅम
– हलकी जमीन: फुले अनुराधा, फुले माउली
– मध्यम: फुले सुचित्रा, मालदांडी ३५-१
– भारी: फुले वसुधा, फुले यशोदा

पेरणी उरकली की ट्रॅक्टर पुन्हा उभा राहणार आणि वर हस्ताचा पाऊस आहेच. खंडेनवमीला हार घालून चावी फिरवतात आणि क्लच चिकटल्यामुळे गिअरमधला ट्रॅक्टर गोठ्याच्या भिंतीत शिरतो, हेही पाहून झालं आहे. आठ दिवसांपेक्षा जास्त उभा राहणार असेल तर पायडल दाबून लाकूड अडकवाच. आमच्याकडे बाभळीचा दीड फुटी खुंटा खास त्यासाठी तासून ठेवला आहे, वर-खाली खाच पाडून, म्हणजे निसटत नाही. एक ध्यानात ठेवा, क्लच दाबलेला असला की गिअरमध्ये ठेवलेला ट्रॅक्टरही उतारावर थांबत नाही. हँडब्रेक ओढा, दोन्ही मागच्या चाकांना दगड लावा आणि स्टिअरिंगला लाल चिंधी बांधा, म्हणजे घरातलं पोरगं खुंटा न बघता चावी फिरवणार नाही. हाउसिंगच्या तळाच्या छिद्रात तार घालून चिखल काढा. चिखलणीचा प्लग टूलबॉक्समध्ये टाका, पुढच्या आषाढात शोधत बसायला नको.