ठाण्याहून वळिवड्याला : पोलिश निर्वासितांच्या खुणा कशा पाहाव्यात

ठाणे किंवा नवी मुंबईहून कोल्हापूरला जाणारे बहुतेक जण अंबाबाईचे दर्शन घेऊन, रंकाळा आणि पन्हाळा पाहून परततात. शहराच्या पूर्वेस असलेल्या वळिवडे गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांच्यासाठी एक सबंध दिवस राखून ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मात्र तयारी न करता गेल्यास तेथे कापडाच्या दुकानांपलीकडे फारसे काही नजरेस पडणार नाही.

तयारी घरीच, नकाशा समोर ठेवून करावी. सप्टेंबर १९३९ मध्ये पूर्व पोलंड सोव्हिएत संघाने बळकावला आणि पुढील दोन वर्षांत तेथील लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला चढवल्यावर जुलै १९४१ मध्ये पोलिश सरकार व सोव्हिएत संघ यांच्यात करार होऊन त्यांची सुटका झाली, आणि १९४२ मध्ये पोलिश सेनानी जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर एक लाखाहून अधिक माणसे इराणला पोहोचली. धडधाकट पुरुष लढाईवर गेले. मागे राहिलेल्या बायका-मुलांपैकी अनेकांना कराचीमार्गे वळिवड्याला आणण्यात आले. जामनगरच्या महाराजांनी, म्हणजे जामसाहेबांनी, बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी उभारलेली छावणी वेगळी होती. त्या मुलांची पहिली तुकडी आधी आपल्या वांद्र्याला राहिली होती. बालाचडी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्याला आली, म्हणून वाचताना या दोन छावण्यांची गल्लत होऊ देऊ नये.

महालक्ष्मी एक्स्प्रेस ठाण्याला थांबते. रात्री बसल्यास सकाळी कोल्हापूर येते. उतरल्यावर प्रथम शहरातील, पोलिश निर्वासितांची थडगी असलेल्या ख्रिस्ती दफनभूमीत जावे, कारण झिजलेली अक्षरे सकाळच्या तिरप्या उन्हातच नीट उठून दिसतात. व्यवस्थापकांना भेटून परवानगी घ्यावी आणि दगडावर खडू किंवा पाणी मुळीच वापरू नये.

नावे वाचण्यासाठी थोडी अक्षरओळख आवश्यक आहे. पोलिश भाषेत रोमन ‘डब्ल्यू’चा उच्चार ‘व’ आणि ‘जे’चा ‘य’ होतो. ‘एस’ व ‘झेड’ जोडून आले की ‘श’, ‘सी’ व ‘झेड’ जोडून आले की ‘च’. एवढे ठाऊक असले की इंग्रजीत आपण ज्याला वॉर्सा म्हणतो ते शहर त्यांच्या तोंडी ‘वर्शावा’ का होते, हे लगेच कळते. पोलिश थडग्यांवर जन्मवर्षाआधी ‘यू-आर’ आणि मृत्युवर्षाआधी ‘झेड-एम’ अशी आद्याक्षरे सहसा असतात. दोन वर्षांची वजाबाकी करून पाहावी. सायबेरियातून जगून निघालेले एखादे माणूस कोल्हापुरात येऊन किती वर्षांचे असताना गेले, हे त्या वजाबाकीतून समजते आणि मग त्या दगडापुढून पाय लवकर निघत नाही.

तेथून महावीर उद्यानातील पोलिश निर्वासितांचे स्मारक पाहावे. वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली.

दुपारी वळिवडे आणि छावणीच्या जागी वसलेले गांधीनगर. २०१९ मध्ये उभारलेला स्मृतिस्तंभ पाहून मग वस्तीत शिरावे. येथे कौलारू बराकींच्या रांगा होत्या, शाळा, चर्च आणि दवाखाना होता, आणि पोरे जवळच्या पंचगंगेत पोहत असत. पोलिश लोक ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत निघून गेले आणि त्यांच्या जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. ठाणे जिल्ह्यातील वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन वसलेले उल्हासनगर आपल्या शेजारीच आहे आणि तेथील पत्त्यांत ‘कॅम्प नंबर तीन’ आजही लिहिला जातो.

वृद्धांशी बोलताना ‘पोलिश लोक आठवतात का?’ असा मोघम प्रश्न विचारू नये. त्या काळातील कळत्या वयाची माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांना छावणीत दूध-भाजी कोण घालत असे, भाषा येत नसताना व्यवहार कसा होई, असे नेमके विचारावे. गांधीनगरच्या सिंधी आजी-आजोबांना मात्र ते आले तेव्हा बराकीत काय शिल्लक होते, हे विचारावे. रेकॉर्डिंग करण्यापूर्वी संमती घ्यावी आणि त्याच रात्री, परतीच्या गाडीतच, नाव, वय आणि ऐकलेले शब्द जसेच्या तसे वहीत उतरवावेत.